पिंपावर आजोबांचा ठेका

शनि., ७ मार्च. टार्निट.
पिंपापासून घडवलेल्या स्टीलपॅन या वाद्याच्या वर्गाचा सहावा शनिवार. मात्रा कागदावर मांडून नेल्या होत्या. तरी प्रत्येक आघात अर्ध्या मात्रेने लवकर. शिक्षिका मर्लीनबाई, मूळच्या त्रिनिदाद बेटावरच्या, यांनी कागदाची घडी करून माझ्याच खिशात घातली. "मेट, पाय काय म्हणतो ते ऐक." पायातून निघाला तो आजोबांचा डफड्याचा ठेका. बाईंनी तिथल्या तिथे ठरवले : २१ तारखेच्या कार्यक्रमाची सुरुवात याच ठेक्याने, मी एकट्याने.

रवि., ८ मार्च.
समुद्रापलीकडे अकोल्याला बाबांना फोन. वय ८४, आवाज खणखणीत.
"डफडं? तुह्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी टाकलं ते. गावाचं बोलावणं आलं की उन्हात उभं राहून वाजवा लागे. ऐकणारे सावलीत बसत. अन् तू हौसेनं वाजवशीन?"
त्यांनी फोन ठेवून दिला.

बुध., ११ मार्च.
पुन्हा फोन, मुद्दे क्रमाने. त्रिनिदादमध्ये गोऱ्या साहेबांनी काळ्या लोकांच्या ढोलांवर बंदी घातली. त्यांनी बांबू आपटले, मग बिस्किटांचे डबे, शेवटी तेलाची पिंपे. ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. तिकडचे नाचाचे संगीत या माणसांनी घडवले.
बाबा : "त्याइचं हिसकावलं होतं. आपण सोडलं. फरक आहे."
फरक आहे. मला सुचला नव्हता. पण विचारलेच : आजोबा म्हातारपणी बाजेच्या लाकडावर बोटांनी तोच ठेका धरत, तेव्हा त्यांना कोणी बोलावले होते?
मुलगी प्रज्ञा मागून : "डॅड, दॅट वॉज लो." असेल खालच्या पातळीचे. माघार नाही.

शनि., १४ मार्च.
तालीम. ठेका बिनचूक. घरी येतो तो बाबांचा निरोप : "वाजवणाऱ्याले बसाले खुर्ची देतात का?"
बाईंना फोन करून विचारले. "पॅन उभ्यानेच वाजवतात, डार्लिंग."
बाबांना खोटे सांगणार नाही.

रवि., १५ मार्च.
सांगितले : वाजवणारे उभे. आणि हेही, की बाई खुर्च्या मांडूच देत नाहीत. लोकांना नाचायला जागा लागते.
बाबा : "म्हणजे सारेच उभे?"
"सारेच."
"पाहू."

शनि., २१ मार्च. दु. १.५०.
हॉल भरला. खुर्ची एकही नाही. स्वतः फिरून पाहिले. अकोल्यात सकाळचे सव्वाआठ वाजून गेले असतील, बाबांचा चहा झाला असेल. ते फोन उचलोत न उचलोत, पहिला आघात दोनच्या ठोक्याला. प्रज्ञाने बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन पॅनसमोर उभा केला आहे.
"रिंग जातेय, डॅड."