तुझं पहिलं ‘नको’

अवो बेबी,

पंच्याहत्तरी गाठलेल्या बाईले बेबी म्हणून हाक मारणारी या जगात मी एकटीच उरली होती. आता हाक मारून उपयोग नाही, म्हणून हे पत्र. लिहून राहिली माझी नात गौरी. मी बोलते, ती लिहिते, अन् मधात मधात माझ्या बोलण्याले इस्त्री करते पोट्टी. तू चौथीपर्यंत शिकली, मी पाटीले हात लावला नाही. तवा चुका काढायच्या असतील तं हिच्या काढ, माझ्या नको.

आजच काहून लिहून राहिली, विचारशील. काल मी तुझ्या अमरावतीच्या केअर सेंटरात जाऊन आली, अन् तेव्हापासून घास उतरून नाही राहिला. तुले सांगितल्याशिवाय उतरणारही नाही.

झालं काय, की मागच्या आठवड्यात तिथून फोन आला. तुझ्या विलासनं माझा नंबर देऊन ठेवलेला. एक पोरगी गोड आवाजात म्हणे, “आजी, तुमच्या बहिणीची सेवा आमच्याकडे कशी झाली, तुमचं मत पाहिजे होतं. पाचपैकी किती गुण द्याल?”

मी म्हटलं, “थांब बाई, बहिणीले विचारून सांगते.”

पोरगी गडबडली. “आजी, पण त्या तर...”

“माहीत आहे मले. पण राहत ती होती ना? गुण मी कशी देऊ?”

गौरी इकडे तोंडावर हात धरून हसून राहिली. मग मीच म्हटलं, येऊन सांगते. तुझी गाठोडी-पिशवीही आणायची होतीच.

बेबी, ते घर मीच पसंत केलं होतं. आठवते ना? तुझा खुबा मोडला, तुले उचलणं-निजवणं विलास अन् सुनेच्या हातचं राहिलं नाही. दोघंही नोकरीवाले. पोरगा रडवेला होऊन अकोल्याले आला, म्हणे, “मावशी, तू हो म्हणशील तिथंच आईले ठेवतो.” मले काय, मोठेपणा वाटला! पोरगी द्यायच्या आधी घर पाहाले जातात तशी मी निघाली. नवं लुगडं नेसून!

पहिल्या ठिकाणी फिनाईलचा वास इतका की डोळे झोंबले. इतकं धुऊन काय लपवून राहिले, म्हणून मी पायरीवरूनच परतली. दुसऱ्या ठिकाणी टीव्ही जोरात अन् बुढ्यांची नखं वाढलेली. तिसरं तुझं. तिथं मी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. गादी दाबून पाहिली. संडासात धरायची दांडी हलवून पाहिली. घंटी वाजवली अन् कोण किती लवकर येते ते पाहिलं. पल्लवी नावाची पोरगी ओल्या हातानंच पळत आली. एका निजलेल्या बाईची पाठही उघडून पाहिली मी, तिले विचारून! कुठं जखम नाही, केसाले तेल, नखं कापलेली. विलासले म्हटलं, “दे इथं. मी असती तं मीही राहिली असती.”

एवढं सगळं पाहिलं अन् ताट पाहिलं नाही.

जेवणाचीच वेळ होती वो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “आजी, जेवूनच जा.” मी म्हटलं, “नको नको, जेवूनच निघालो आम्ही.” सकाळच्या चहावर होती मी! पण लोकाच्या घरी पहिल्यांदा विचारलं की हो म्हणते का कोणी? वाटलं, पुन्हा म्हणतील. त्या “बरं” म्हणून दुसऱ्या कामाले लागल्या. मले राग आला, पण मनात म्हटलं, शहरातली बाई आहे, रीत नसेल. बडनेरा स्टेशनवर दोन आलूबोंडे खाल्ले तेव्हा जिवात जीव आला. गाडीत मी विलासले हसून सांगितलं, तोही हसला. हसण्यावारी नेलं आम्ही. तिथंच डोक्यात उजेड पडाले पाहिजे होता.

काल पल्लवी मले अन् गौरीले तुझ्या खोलीत घेऊन गेली. तुझी पिशवी बांधून ठेवलेली होती, लुगड्यांच्या घड्या घालून. पोरगी तुझं कौतुक करून राहिली. म्हणे, “बेबीआजींचा काहीच त्रास नव्हता. कधी काही मागितलं नाही. जेवणही किती कमी!”

मी विचारलं, “किती कमी?”

“एक पोळी, थोडं वरण. दुसरी पोळी घेऊन गेलं की ताटावर हात आडवा. नको बाई, म्हणायच्या.”

“मंग?”

“मंग काय आजी, नको म्हणजे नको. आम्हाले तसंच शिकवतात. म्हाताऱ्या माणसावर जबरदस्ती करायची नाही. एका आजोबांले घरच्यांनी बळंच चारलं होतं, घास अडकला त्यांचा. जीव जाता जाता वाचला.”

“अन् तू एकदाच विचारे तिले?”

“रोज विचारत होती, आजी!”

रोज. रोज एकदा.

माय वो! मी तुझ्या खाटेवरच बसली. मले आपली लहानपणची पातूरची पंगत आठवली. मावशीच्या पोरीचं लग्न होतं. तू इतकुशी. वाढणाऱ्यानं विचारलं, बुंदी पाहिजे का, अन् तू तोंडभर “हो!” म्हणाली. सारी पंगत हसली. आईनं तुझ्या मांडीले असा चिमटा घेतला की तुझ्या डोळ्यांतून पाणी अन् हातात बुंदी. त्यानंतर जन्मभर तू पहिल्यांदा हो म्हटलं नाही. कोणाच्याच घरी नाही.

अन् स्वतःच्या घरी? तुझ्या हातून वरण-रोडग्याच्या जेवणातून कोणी अर्धपोटी सुटलं का? माणूस ताटावर दोन्ही हात धरे, तं तू मागून येऊन बोटांच्या फटीतून तूप सोडे! विलासच्या सासऱ्याले तू इतकं वाढलं होतं की ते दोन दिवस सोड्याच्या पाण्यावर होते. आपल्याले वाटे साऱ्या जगाले ही रीत माहीत आहे. पहिलं ‘नको’ तोंडदेखलं, दुसरं लाजेचं, अन् तिसऱ्यांदा विचारलं की माणूस हात उचलते. तिथं तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. अन् तू हात उचलला नाही.

काहून नाही सांगितलं वो? मी फोनवर विचारत होती ना, “जेवली का?” तू म्हणे, “हो वो, लय झालं.” आता तुझं ‘लय झालं’ मी मोठी बहीण असून खरं धरावं? मीही एकदाच विचारलं, अन् पल्लवीले काय बोलू?

सगळ्यात जास्त काय सलते सांगू? संक्रांतीच्या सुमारास मी तुझ्या सेंटरात डिंकाचे लाडू घेऊन आली होती. तू माझ्यासमोर एकामागून एक चार लाडू खाल्ले. डब्यात हात घालून, माझ्याकडे न पाहता. मी चिडवलं तुले, “अवो हावरट बाई, डबा तरी सोड! विलास म्हणेल, मावशीनं रिकामाच आणला.” तू हसली, ओठाले भुगा लागलेला. मले वाटलं, माझ्या हाताची चव आहे. केवढी फुगली मी त्या चवीनं! “बारीक झाली वो,” म्हटलं, तं तू म्हणे, “म्हातारपणी काय आखाड्यात उतराचं आहे?” अन् मी हसली. तू बोलली की मले हसू येई, हीच खोड मोडली नाही कधी.

तू उपाशी मेली असं मी म्हणत नाही, बेबी. छातीत कफ झाला होता, डॉक्टरनं औषधपाणी सगळं केलं. फक्त एवढं म्हणाला, की अंगात झगडाले ताकद नव्हती. तेव्हा मी वय म्हणून मान हलवली.

काल जेवणाची घंटा झाली, तशी मी उठून पंगतीत जाऊन बसली. पल्लवी म्हणे, “आजी, जेवता का?” मी पहिल्याच खेपेले “हो” म्हटलं. गौरी डोळे फाडून पाहत राहिली! वरण चांगलं होतं. भाजीले मीठही बरोबर. पोळ्यांनी भरलेला मोठा डबा होता वो, बेबी. भरलेला.

तुझ्या खाटेवर आता परतवाड्याची एक बाई आली आहे, पंगतीत माझ्या शेजारी तीच होती. सुकलेली, डोक्यावर पदर, खाली मान. पल्लवीनं विचारलं, “पोळी वाढू?” तिनं ताटावर हात धरला. “नको.” पल्लवी पुढं निघाली.

मी म्हटलं, “थांब. पुन्हा विचार.”

“आजी, नको म्हणाल्या ना त्या.”

“विचार तं खरी. बळंच वाढू नको. फक्त विचार.”

पल्लवीनं विचारलं. “नको बाई, झालं,” ती बाई बोलली, पण नजर डब्यावर. मी म्हटलं, “आता खाली वाक अन् अजून एक डाव म्हण, माझ्यासाठी घ्या.”

पोरगी वाकली. “आजी, अर्धी तरी घ्या, माझ्यासाठी.”

त्या बाईनं हात उचलला. अर्धी नाही, पूर्ण घेतली. मग वरण घेतलं. मग अजून एक घेतली.

पल्लवी डबा तसाच धरून उभी. मग माझ्याजवळ आली अन् हळूच म्हणाली, “आजी, बेबीआजीले पण भूक राहत होती का?”

तिचा चेहरा पाहिला मी. याच पोरीनं तुले रोज कुशीवर वळवलं, तुझ्या पाठीले शेवटपर्यंत एक फोड येऊ दिला नाही. ते माझ्यानं झालं असतं का? मी म्हटलं, “नाही वो पोरी. माह्या बहिणीची भूक पहिलेपासूनच कमी होती.”

खोटं बोलली मी. तुझ्याबद्दल, तुझ्याच पंगतीत बसून. रागावू नको.

मॅडमनं जाताना विचारलं, मग गुण किती? मी म्हटलं, “तुमच्या पोरींच्या हातांले पूर्ण द्या. आग्रहाचा धडा तुमच्या पुस्तकात नाही, त्यात नापास कसं करू? तो शिकवाले मी येत जाईन. चालते का?” त्या हसल्या. मी हसून नव्हती राहिली.

तं आता शब्द देते तुले. गुडघे चालू आहेत तोवर मी अमरावतीले जात राहीन. जी बाई नवी येईल तिच्या शेजारी जेवाले बसीन अन् तिचा हात पाहीन. अन् पित्रांत तुझं पान अकोल्याले, माझ्या घरी. विलासले सांगून टाकलं. वरण, रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. पान गच्चीवर ठेवल्यावर कावळा लवकर आला नाही, तं पोरं घाबरतील, म्हणतील बुढीची काही इच्छा राहिली. मी म्हणीन, काही राहिली-बिहिली नाही, ती लाजून राहिली आहे. थांबा, पुन्हा वाढते.

तुझी,
मोठीबाई
(अंगठा माझा, अक्षर गौरीचं)