चॅसीला भोक पाडायचं नाही

२७ फेब्रुवारी १९८९, रामनगर
आजपासून रोजनिशी. मिलिटरीत गाडी चालवायचो तेव्हा लॉगबुक लिहायची सवय होतीच. नियम एकच, झालं तेवढंच लिहायचं.
उळवीच्या जत्रेहून येताना जीप उलटली. चूक वळणाची. बायको, केसर, शेजारच्या सीटवर होती, तिचा डावा हात मोडला. मला नुसतं खरचटलं. मी लगेच बाहेर पडून खाली वाकलो आणि चॅसी बघितली. चॅसी म्हणजे गाडीखालची लोखंडी फ्रेम, गाडीचा कणाच. ती वाकली तर गाडी भंगारात. वाकली नव्हती. मग केसरला बाहेर काढलं.
ती हाताला प्लॅस्टर घालून खानापूरला भावाकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, त्या गाडीत मी परत बसायची न्हाई. घाबरली आहे. साहजिक आहे.

२ मार्च
भात करपला. कुत्र्याला घातला. त्यानं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.
पण उपाय सापडला. सलूनमध्ये एका जुन्या मासिकात शर्यतीच्या जीपचा फोटो होता. जाड पाइपांची चौकट सीटच्या चारी बाजूंनी आणि डोक्यावरून नेऊन जीपच्या फ्रेमला बसवलेली. रोल केज म्हणतात, म्हणजे पिंजराच. गाडी कितीही कोलांट्या मारू दे, आतल्या माणसाला काही होत नाही.
पाडव्याच्या आत बसवायचा. पाडव्याला केसर घरात.

५ मार्च
बसनं खानापूरला गेलो. कॅलेंडरच्या पाठीवर रोल केज काढून केसरला समजावलं. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, गाडी पडल्यावर तुमी आधी काय केलंसा?
मी म्हटलं, झालं ते झालं, आता पुढचं बघू. आणि मागचा तिरपा पाइप काढून दाखवला.
ती चहा करायला आत गेली. एका हातानं. तिचा भाऊ कृष्णा म्हणाला, दाजी, ती काय इचारत्या ते तरी बघा. मी म्हटलं, कळलंय मला, तिला सेफ्टीची काळजी आहे.
चहात साखर नव्हती. हात मोडलेला, राहून गेली असेल.

१२ मार्च
गणेशगुडीला धरणाच्या कामातले उरलेले पाइप भंगारात मिळाले. बसच्या टपावरून आणले. कंडक्टर म्हणाला, ह्यांचं तिकीट काढा, म्हाताऱ्या माणसाएवढी जागा अडवल्यात. काढलं.
वेल्डिंग परशू करणार. खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट करतो. असलं काम कधी केलं नाही, पण पाइप तो पाइप, म्हणाला. मग विचारलं, मामा, मधी कमळ घालू काय, गेटला घालतो तसं? नको म्हटलं. हे सेफ्टीचं काम आहे.

१९ मार्च
पिंजऱ्याचे चार पाय चॅसीला पक्के करायचे, म्हणजे चॅसीला भोकं पाडायची. परशूनं ड्रिल लावलं. मी हात धरला.
इतकी वर्षं ही गाडी आहे, तिच्या चॅसीवर ओरखडा नाही. वळणानं उलटवली तरी वाकली नाही. तिला आपण होऊन भोक पाडायचं? मन होईना.
निर्णय: पाय खालच्या पत्र्याला बोल्टनं आवळायचे, खालून मोठे वायसर. परशू म्हणाला, मामा, पत्रा हाय तो, पापडागत. मी म्हटलं, तू आवळ. त्यानं आवळले.
जाळ्या करणाऱ्याला गाडीतलं काय कळणार.

२८ मार्च
करंट येतो तेव्हा परशू जेवायला गेलेला. परशू येतो तेव्हा करंट गेलेला. काम त्यामुळे थांबलंय, माझ्यामुळे नाही.
संध्याकाळी फॉरेस्टचा गार्ड सायकल थांबवून उभा राहिला. कुळगीकडचा आहे. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, पिंजरा कशाला करायला लागलाय? परमिशन हाय?
मी म्हटलं, बायकोसाठी आहे.
तो सायकलवर बसला, परत उतरला. म्हणाला, मग ते आमच्यात येत न्हाई.

८ एप्रिल
पाडवा झाला. गुढी उभारली नाही. केसरची जरीची साडी लावतात, ती ट्रंकेत कुठं आहे ठाऊक नाही. ट्रंक उघडली, बघितलं, परत लावली. आत तिचे सगळे कपडे तसेच आहेत. म्हणजे ती येणारच आहे. थोडेच कमी वाटले.
शेजारची सुशीलाअक्का पोळ्या घेऊन आली. म्हणाली, भावजी, घरात वाढू की पिंजऱ्यात?
घरातच जेवलो. घर फार मोठं आहे असं आज लक्षात आलं.

२२ एप्रिल
पिंजरा पूर्ण. हिरवा रंग दिला, केसरला हिरवा आवडतो. बहुतेक हिरवाच. लग्नात हिरव्या साडीत होती, त्यावरून म्हणतो.
परशूनं न सांगता कमळ घातलंच, केसरच्या बाजूला. रागावलो. पुसून काढ म्हटलं. तो म्हणाला, वेल्डिंग पुसत न्हाईत मामा. मग राहू दे म्हटलं. तिच्याच बाजूला आहे.

२९ एप्रिल
कृष्णा येऊन गेला. केसरचा हात बरा झाला. पण यायचं न्हाई म्हणती. पिंजरा दाखवला, कमळही दाखवलं. कृष्णा हात लावून म्हणाला, दाजी, गाडीचं न्हाई हो हे काय. मी म्हटलं, मग कशाचं? तो म्हणाला, तिलाच इचारा. मी म्हटलं, मी काय विचारणार, तिची भीती मला माहीत आहे.
तो गेल्यावर अंगणात बसून राहिलो. कुत्रा केसरच्या चपलांवर झोपतो. त्याला हाकलायचं रोज ठरवतो.
एकच मार्ग उरला. करून दाखवायचं. जीप मुद्दाम उलटवायची, आत मी, आणि काही होत नाही हे सिद्ध करायचं. कृष्णाच्या कानावर गेलं की तिच्या कानावर जाईल.

६ मे
केलं.
घरामागच्या रिकाम्या भातशेतीत. उजवं चाक हळूच बांधावरून खाली सोडलं. जीप कुशीवर पडली, आणि तशी पडतानाच चारही बोल्ट पत्र्याच्या चकत्या घेऊन उपटले. पिंजरा घरंगळत खालच्या वाफ्यात गेला आणि सरळ उभा राहिला. मी जीपबरोबरच राहिलो. पाय खाली अडकलेला.
परशू धावत आला. मला वाटलं माझ्याकडे. तो माझ्यावरून उडी मारून पिंजऱ्याकडे गेला. हातोडीनं एकेक जोड वाजवून बघितला. ओरडून म्हणाला, मामा, एक जोड सुटला न्हाई. मी म्हटलं, परशू, मी हितं हाय. तो म्हणाला, आलो आलो, एवढं कमळ बघतो.
मग मला काढलं. घोटा मोडला.
असला माणूस जन्मात पाहिला नाही. खाली जिवंत माणूस पडलेला, आणि हा आधी लोखंड बघतो. मनात फार लागलं. घोट्यापेक्षा जास्त. त्याच्याशी आयुष्यात बोलायचं नाही.

९ मे
केसर आली. सकाळच्या बसनं, पिशवी घेऊन. मागच्या वाटेनं आली, तिथंच जीप आडवी पडली आहे, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारातूनच विचारलं, कुठं लागलंय?
दाखवलं. मग परशूचं सगळं सांगितलं. माणूस सोडून त्यानं आधी वेल्डिंग कसं बघितलं, मी हाक मारली तरी कसा आला नाही. अजून सांगून संपलं नव्हतं. तेवढ्यात ती हसायला लागली. खाली बसून हसली, पदरानं डोळे पुसले, परत हसली. बराच वेळ डोळे पुसत होती, हसू थांबल्यावरही.
मग म्हणाली, लई लागलं काय मनाला?
मी म्हटलं, लागणारच.
ती म्हणाली, व्हय. लागतं.
हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही. चहात साखर होती. किती दिवस राहणार विचारलं तर म्हणाली, तुमचं प्लॅस्टर निघूपतोर.

२५ जून
प्लॅस्टर निघून आठवडा झाला. केसरनं जाण्याचा विषय काढला नाही. मीही नाही.
पिंजरा त्याच वाफ्यात आहे. तिनं त्याच्या चारी पायांशी काकडी लावली. वेल कमळाला धरून वर चढलाय. परशू येऊन बघून गेला. बोललो नाही, पण चहा दिला.
जीप अजून आडवीच आहे. ह्या पावसात जत्रेचा विषय नको, पण केसर म्हणाली, पुढच्या वेळी उळवीला बसनं जाऊ, खिडकी माझी. बघू म्हटलं. म्हणजे हो.
दुपारी कृष्णा आला होता. त्यानं विचारलं, दाजी, चॅसी वाकली काय हो?
मी म्हटलं, बघितली नाही.
केसर भाकरी थापायची थांबली. म्हणाली, अजून बघितला न्हाईसा?
मी म्हटलं, पाय दुखतो, वाकता येत नाही.
ती परत थापायला लागली. जेवताना माझ्या भाकरीवर लोणी नेहमीपेक्षा जास्त होतं. चुकून पडलं असेल.