खाकी कव्हर

शनिवार, १२ ऑगस्ट २००६, जेसल पार्क

नखाने कव्हराचा कोपरा उचलला आणि थांबलो. खाली छापलेलं हिरवं मैदान दिसलं. धाकट्या भावाचा, संजूचा, फुटबॉलचा पटखेळ. बाबांनी शाळेच्या पुस्तकांसारखं त्याच्या खोक्यालाही खाकी कव्हर घातलं, मैद्याच्या खळीने चिकटवलं, वर संजूचं नाव लिहिलं. आता दोघंही नाहीत.

"गेमला कोणी कव्हर घालतं का, भाऊ?" जुने खेळ जमवणारे मेहता हसले. "पहिली एडिशन आहे. पण झाकणावरचं चित्र दिसलं तरच घेणार. उद्या येतो."

"काढ की. कागद तर आहे नुसता," आई म्हणाली.

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं? कोपरा तसाच उचललेला ठेवलाय.

रविवार सकाळ. उठलो तेव्हा आईने खळ शिजवून कोपरा पुन्हा चिकटवला होता.