प्रसादाचं खोबरं

गुरुजी, त्या गुरुवारी पहाटे उठून मी पहिल्या बसने आळंदीला गेलो. आदल्या रात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं दवाखान्यातून बजावलं होतं. अकरा वाजता पुण्याला अन्ननलिकेचा फोटो काढायचा होता. गेल्या वर्षी तिथं कॅन्सरची गाठ निघाली, महिनाभर मशीनखाली किरणांचे लाईट घेतले, गाठ वितळली. पण तेव्हापासून नळी अरुंद झाली आहे. कण्या, मऊ भात, ताक एवढंच खाली उतरतं. गाठीनं पुन्हा धरलं आहे का, ते या फोटोत दिसणार होतं. भीती वाटत होती, म्हणून म्हटलं, आधी दर्शन घेऊन येऊ. पुजाऱ्यानं तीर्थ दिलं, ते घेतलं. मग तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. घरी मी खोबरं चावून रस गिळतो आणि चोथा थुंकतो. प्रसादाचा चोथा कसा थुंकायचा? इंद्रायणीच्या घाटावर बसून मी पुष्कळ चावला, आणि बसची वेळ झाली तसा डोळे मिटून गिळून टाकला. छातीच्या मधोमध काहीतरी अडलं. मी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि बसमध्ये चढलो.

फोटो काढणारा माणूस तिशी-पस्तिशीचा, मराठवाड्याकडचा. म्हणाला, "काका, ती माळ काढा. फोटोत येती." मी माळ काढून मुठीत धरली. सकाळपासून काही खाल्लं का, त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. तो हसला. "तुमी माळकरी हाव, म्हणून परत इचारतो. परवा एक बुवा आले, म्हणले कडक उपाशी हाय, अन् पोटात दोन पेढे. वर मलाच म्हणले, ते खाणं नव्हं बाबा, परसाद हाय! तसं काही असंल तर सांगा. उद्या या, काय बिघडत नाही." गुरुजी, बाहेर पडायला त्यानं दार उघडून दिलं होतं. पण मागच्या बाकावर चार माणसं नंबर लावून बसली होती, त्यातला एक फस्सकन हसला. माझ्या अंगाची लाही झाली. मी मूठ वर केली, माळेसकट. "ही गळ्यात घालणारा खोटं बोलेल असं वाटतं का तुम्हाला?" तो वरमला. "ऱ्हावू द्या काका. इचारायचं कामच हाय आमचं." त्यानं पांढऱ्या औषधाचा पेला हातात दिला. खडू कालवल्यासारखं लागत होतं ते. घोट घ्या, थांबा, गिळा, असं तो सांगत गेला आणि मी शहाण्या मुलासारखा गिळत गेलो.

ती माळ तुम्ही घातलीत माझ्या गळ्यात. बासष्ट साली चाकणपलीकडचं आपलं गाव सोडून मी पिंपरीला कंपनीत लागलो, त्या दिवशी. मी तेव्हा तीस वर्षांचा बाप्या होतो, तरी तुमच्यापुढे ओणवा उभा राहिलो, चौथीतल्यासारखा. चौथीतलाच एक दिवस मला आठवतो. मी दोन दिवस शाळा बुडवून ओढ्यावर खेकडे धरले होते आणि तुम्हाला सांगितलं, घरी देवाचं कार्य होतं. तुम्ही छडी उचलली नाहीत. हिशेबाच्या वह्या तपासत होता. मान खाली घालूनच म्हणालात, "खेकडं धरलं म्हणालास तर एक छडी. देवाला कशापायी मधी घालतोस? त्याला तेवढंच काम हाय व्हय?" वर्ग हसला होता. मी मात्र आठवडाभर तुमच्यासमोरून जाताना खांबाआड होत असे.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. अरुंद जागेवर काळी छाया दिसत होती, औषध तिच्या कडेनं ओघळून गेलं होतं. गाठ परत आली, म्हणाले. जेवण बंद होण्याआधी ऑपरेशन करून पोटाला नळी बसवू, घरचे त्यातून पातळ अन्न ओततील. दोन आठवड्यांनंतरची तारीखही दिली. घरी हिला सांगितलं. ही रडली नाही. त्या दिवसापासून मात्र माझ्यासमोर जेवायची थांबली. ताट घेऊन स्वयंपाकघरात दाराआड बसायची, भाकरी मोडल्याचा आवाजही येऊ द्यायची नाही. भजनी मंडळातले चौघे येऊन गेले. एकजण म्हणाला, "राव, देव आपल्याच माणसाला पारखून घेतो." मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना छातीतलं ते अडलेलं सुटलं. चहा सरळ खाली गेला. कप हातात धरून मी बसून राहिलो. छाया खोबऱ्याची असेल, हे मला त्या क्षणी कळलं. तरी पुढे आठ दिवस मी गप्प राहिलो.

मनाला सांगत होतो की प्रसादाला दोष कसा द्यायचा. तेही खोटंच. प्रसादाचा काय दोष? त्या चार माणसांसमोर वर केलेली मूठ मला खाली घ्यायची नव्हती, एवढंच होतं.

चहा सरळ उतरला त्यापासून नवव्या दिवशी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "अकरा दिस मी चोरासारखी जेवले. तुमाला दिसत नव्हतं?" दिसत होतं, म्हणालो. ही पायात चप्पल घालून दारात जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं पुण्याला गेलो.

डॉक्टरांना सांगितलं, त्या दिवशी मी उपाशी नव्हतो, खोबरं गिळलं होतं. ते संतापले, पण माझ्यावर नाही. त्या मराठवाड्याच्या माणसाला आत बोलावलं आणि आमच्यासमोर झापायला लागले, "पेशंटला विचारायचं एवढं एक काम, तेही होत नाही तुझ्याच्यानं?" तो माझ्याकडे बघत होता. गुरुजी, डॉक्टरांना मी खरं सांगितलं त्यात तुमची शिकवण फारशी नव्हती. मला सुरीची भीती वाटत होती. पोट फाडायचं नसतं, तर खोबऱ्याचं नाव मी कधी काढलं असतं की नाही, देव जाणे. आणि दुसऱ्या फोटोतही गाठच निघेल कदाचित. तो उद्या आहे.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालावी वाटली. डॉक्टर त्या माणसाला झापत होते, तिथं गप्प राहिलो असतो तरी माझं काही बिघडत नव्हतं, फोटो पुन्हा निघणारच होता. तरी मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "साहेब, यांनी विचारलं होतं. दोनदा. मीच माळ दाखवून खोटं बोललो."