बदकाची डबी

॥ श्री ॥

होळी, वसई
१२ नोव्हेंबर २००६

चि. विघ्नेश यास यमुनामावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि सूनबाईही तिथेच. म्हणून पत्र. तूही पत्रच धाड आणि पाकिटावर माझंच नाव घाल.

दिवाळीत तू काकांसाठी आणलेली गाण्यांची डबी फार छान, असं मी सगळ्यांना सांगते. खरं विचारशील तर डोक्याला ताप झालाय. रात्रभर विजेवर लावते, सकाळी भरलेली असते. जेवणं झाली की काकांच्या कानात भजनं लावायची, डबी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायची आणि वाडीत अबोली खुडायला जायचं, हा माझा नेम. परत येते तो भजनं गायब! पडद्यावर एक लठ्ठ बदक बसलेलं, भोवती इंग्रजी अक्षरांच्या मुंग्या, आणि डबी गरम. संध्याकाळपर्यंत ठार बंद. वैशाखात अर्धांगाचा झटका आल्यापासून काकांची वाचा गेली, उजवा हात गेला. भजनं तेवढी उरली होती, तीही कोणीतरी पळवतंय.

कोण, ते मला ठाऊक आहे. दुपारी घरात उन्नतीशिवाय असतं कोण? परवा मी मागच्या दाराने आले तर ती काकांच्या कानातली बोंडं चाचपत होती. मला बघून दचकली. एरवी सेवा दाखवायला रोज सकाळी त्या हाताला तेल चोळत बसते. डॉक्टरांनीच आशा सोडलीय, मग तेलाची नासाडी कशाला? प्रितेश डिसेंबरात बोटीवरून घरी येतोय. बायकोला मनवेलपाड्याला माहेरी नेऊन सोड, असं त्याला सांगणार आहे. माझ्या घरात लपवाछपवी चालायची नाही.

तू एवढंच कळव, ते बदक आपोआप येतं की कोणी आणावं लागतं?

सोबत वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी धाडली आहेत. लोभ माझ्यावर ठेव, सूनबाईवर नको.

तुझी,
यमुनामावशी


पुणे
१८ नोव्हेंबर २००६

ती. सौ. मावशीस विघ्नेशचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

सुकेळी पोचली. मला दोनच मिळाली, बाकी खोलीवरच्या मित्रांनी उडवली.

मावशी, ते बदक नाही, पेंग्विन आहे. लिनक्स म्हणून संगणकाची एक प्रणाली असते, तिचं ते चिन्ह. डबी मुळात फक्त गाण्यांसाठी. मी हौसेने तिच्यात लिनक्सही बसवलं, म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं झाली. ऑफिसात मिरवायला ठीक, घरात त्याचा त्रासच. तिकडे शिरलं की भजनं सापडत नाहीत, घड्याळ भलतीच वेळ दाखवतं, मध्येच सगळं अडकून बसतं. आणि त्याला झोप म्हणून नाही. डबी बंद दिसते, पण आत बॅटरी जळतच राहते.

मात्र ते आपोआप येत नाही. मधलं आणि वरचं अशी दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. अंगठा आडवा टाकला तरी जमतं, पण जोर लागतो. वहिनीला मी हे दाखवलंच नव्हतं, ती तेव्हा करंज्या तळत होती. काकांना तेवढं दाखवलं. पेंग्विन बघून ते आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. म्हणून मी तो पुन्हा पुन्हा आणून दाखवला.

वहिनीवर एवढ्यात आळ घेऊ नकोस. डबी कुरियरने पाठव, लिनक्स काढून देतो. काकांना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
विघ्नेश


॥ श्री ॥

होळी, वसई
३० नोव्हेंबर २००६

चि. विघ्नेश यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझा संशय पक्काच केला. आपोआप येत नाही, म्हणजे कोणीतरी दाबतंय. काकांना दाखवलंस हे वाचलं, पण ज्या हाताला घासही धरता येत नाही त्याचा विचार कोण करतो?

मंगळवारी दुपारी त्या दोन बटणांना बोटाने काजळ फासलं आणि वाडीत गेले. परत आले तर बदक हजर. तडक स्वयंपाकघरात जाऊन उन्नतीला हात दाखवायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, नखांच्या कडासुद्धा. स्वच्छ! हे कशासाठी, असं तिने विचारलं, तेव्हा मनातलं सगळं बोलून टाकलं, माहेरी धाडायचंही. ती भांडली नाही. भजन थांबलं की बोंडं निसटली असतील म्हणून आपण बघायला जातो, एवढंच म्हणाली.

मग काकांचं पांघरूण सारखं करायला गेले. चादरीवर काळा डाग. त्यांचा उजवा अंगठा काळा.

उन्नतीला हाक मारली, डबी बंद-चालू करून तिच्याकडून पुन्हा भजनांवर आणवली आणि त्या हाताखाली ठेवली. अंगठा थरथरला, आडवा झाला, दाबून राहिला. बदक आलं आणि काका हसले. विघ्नेश, इतके दिवस हा माणूस रोज आपली भजनं सोडून एक अंगठा हलवायला शिकत होता, आणि मी घरात चोर शोधत होते! उन्नती त्यांचा हात धरून रडली. मीही रडले. तिने चोळलेल्या तेलाचाच तो गुण, दुसरं काय?

माफी मागायला माझी जीभ काही वळली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी मीच कोमट करून नेली आणि कसं चोळायचं ते मला शिकव म्हटलं. तिने आधी माझे दोन्ही हात पुढे करायला लावले. उलटसुलट करून बघितले, नखांच्या कडासुद्धा, आणि नखं काढून या म्हणाली. काजळ अजून माझ्याच नखांत होतं.

डबी पाठवत नाही. बदक राहू दे. लोभ असू दे, सूनबाईवरही.

तुझी,
यमुनामावशी