पान सत्तेचाळीस

बाबा, तुमच्या आईला मध्यंतरी इंटरनेटने तुमची बहीण करून टाकली. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून बसलो लिहायला.

हा पराक्रम तुमच्या नातवाचा, म्हणजे माझ्या पुतण्याचा. कॉम्प्युटरचा कोर्स करून आलाय, त्यामुळे जमिनीवर पाय नाहीत. चंद्रपूरच्या एका कॅफेत बसून त्याने आठवडाभरात घराण्याची वंशावळ ‘पूर्ण’ केली. आठवडाभरात! तुम्ही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकला करण्यात उभा जन्म काढलात, तरी आपल्या घरची दोन पानं तुमच्याने भरली नाहीत. रंगीत कागद माझ्यापुढे टाकून साहेब उभे. तळाला पुरावा म्हणून वेबसाइटचा वीतभर लांब पत्ता. मी विचारलं, “हे कुठून घेतलंस?”

“लिवलं ना काका खाली. नेटवरून.”

“अन् नेटवर कुठून आलं?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तळ्याला विचारतोय की पाणी कुठून आणलंस.

झालं असं की, समाजातल्या कुणा हौशी माणसाने पोंभुर्ण्याकडच्या गावांची जुनी कोतवाली रजिस्टरं टाइप करून वेबसाइटवर चढवली आहेत. तुम्हाला ती रजिस्टरं तोंडपाठ होती. जन्म-मृत्यू कोतवाल सांगायचा, मोहरीर कारकून लिहायचा, आणि कोतवाल सांगायचा ते घरच्या कर्त्याचं नाव. आता आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. तुमची आई माहेरी आली, तुम्ही झालात, चौथ्या दिवशी ती गेली. तुमचा जन्म लागला तिच्या बापाच्या नावावर. पण शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात मोहरीरने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘मुलगी बाळंतपणास आलेली, तिचा मुलगा’. टाइप करणाऱ्या शहाण्याने तो रकानाच गाळला. कंटाळा आला असेल बिचाऱ्याला! आणि आमच्या दिवट्याने ते जसंच्या तसं गिळलं. एका घरात मुलगी जन्मली, पुढे मुलगा जन्मला, म्हणजे भाऊ-बहीण. वर स्वतःच्या अकलेने तिच्यापुढे ‘अविवाहित’ असंही लिहिलं. तिचा फोटो नाही, लुगडं नाही, भांडं नाही. ती तुमची आई होती हे सांगणारी जगात ती एकच ओळ, आणि या मूर्खांनी समोसा खाता खाता ती पुसून टाकली.

मला तुमची दुपारची सुट्टी आठवते. मी नुकताच मास्तरकीला लागलोय, कामासाठी तुमच्याकडे आलोय. झिंग्यांची चटणी खाऊन तुम्ही तीनदा साबणाने हात धुता, हुंगून बघता, मगच रजिस्टराला हात लावता. मी एका अर्जात आजीचं गाव लिहून आणलं होतं. तुम्ही तो वाचला आणि चार लोकांदेखत माझ्या अंगावर फेकला.

“कुठून घेतलं हे? लिवलं काऊन नाई?”

“तुमीच त सांगतलं होतं, बाबा.”

“मी काय रजिस्टर आहो का?”

अपमानाने माझे कान तापले होते. मग तुम्ही टेबलाच्या खणातून तुमची वही काढलीत. त्यात ती नोंद, शेऱ्यासकट, आणि खाली गाव, साल, पान नंबर. ‘तिचा मुलगा’ तुम्ही दोनदा वाचलंत. मी मान वर केली नाही.

हे सगळं मी पुतण्याला ऐकवलं. चांगला तासभर सोलून काढला. तुमच्या पिढीला सगळं आयतं पाहिजे, मूळ कागद बघायची लाज वाटते, आणखी काय काय. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर हळूच म्हणाला, “बरोबर आहे काका. दुरुस्त करून टाकतो. आबाची वही दाखवा ना मले.”

वही तुमच्या तेरवीनंतर घर आवरताना रद्दीत गेली, बाबा. गठ्ठा मीच बांधला होता. उघडून पाहिला नाही.

“वही कशाला?” मी म्हणालो. “लिही, पान सत्तेचाळीस.”

त्याने इमानदारीने लिहून घेतलं. आता ती वंशावळीत तुमची आई आहे, आणि खाली पुरावा दिलाय: कोतवाली रजिस्टर, गाव, पान सत्तेचाळीस, काकांनी सांगितले. गेल्या आठवड्यात त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं, तिच्या माहेरच्या दोन घरांनीही तेच पान आपापल्या वंशावळीत उतरवलंय.

सत्तेचाळीस मी मनानेच सांगितलं. खरं पान मला आठवत नाही. रेकॉर्ड रूम इथून एसटीने दीड तासावर आहे, आणि मी अजून गेलेलो नाही. दुसरंच पान निघालं तर त्या पोरापुढे तोंड उघडावं लागेल. मी मास्तर, घरात मोठा. ‘कुठून घेतलं’ असं मला अजून कुणीच विचारलेलं नाही.