व्हर्नाचा डावा कान

किंग्स्टन, ७ जानेवारी १९९६

ती. अन्सिलदादास,
सा. न. वि. वि.

एकोणीस वर्षं मी कानात आपोआप वाजणाऱ्या आवाजांवर संशोधन करते आहे, आणि माझ्या सख्ख्या भावानंच मला फसवलं. पोलादी पॅन ठोकून सुरात लावणाऱ्या तुमच्या लाव्हेंटिलच्या तीस वाद्य-कारागिरांच्या कानांच्या तपासण्या इथे पोचल्या. कागदांवर नावं नसतात, पण सतरा नंबरची तिरकस उत्तरं तुझीच. वर्षभर कानात रातकिडा बसलाय, आणि बायकोला कळता कामा नये, असं तू त्यात लिहिलंस. दादा, उंच सूर तुझ्या कानातून गेलेत. पोलादावरचा हातोडा आता खाली ठेव. मला भीती वाटते.

ईनिडवहिनीस नमस्कार. रागावू नकोस.
तुझी व्हर्ना

लाव्हेंटिल, १६ जानेवारी

चि. व्हर्ना हिस अनेक आशीर्वाद.

कार्निव्हल महिन्यावर आला, बँडचे चाळीस पॅन लागायचेत, आणि बाईसाहेब म्हणतात हातोडा ठेव. तुझं पत्र ईनिडनं आधी फोडलं. बहिणीनं चोर पकडला ते बरं झालं, म्हणाली.

आता माझंही ऐक. नाताळात तू तीनदा खुर्ची बदललीस, मी तुझ्या उजवीकडे येईन अशी. ईनिडनं डावीकडून विचारलं, पेलाऊ आणखी वाढू का, तर तू म्हणालीस, हो, मंगळवारचं विमान आहे. सगळे हसले. मी हसलो नाही. डाव्या कानाला काय झालंय?

खरं तेच लिही.
दादा

किंग्स्टन, ३० जानेवारी

ती. दादास, सा. न.

आठ महिने डाव्या कानात शिट्टी वाजते आहे. फक्त डाव्या. दोन्ही कानांत वाजलं तर बहुधा कान झिजलेले असतात. एकाच कानात वाजलं तर आत गाठ नाही ना ते आधी पाहा, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. आणि स्वतः तपासणीच्या खोलीत बसले नव्हते.

तुझं पत्र वाचून बसले. यंत्र चालवणाऱ्या पिनॉकबाई आलेख माझ्याकडे देईनात. डावी रेघ पार खाली गेली होती. मेंदूचा स्कॅन करायला सांगितलाय. दोनदा तारीख घेतली, दोनदा काहीतरी कारण काढून घरी बसले. आकडे सगळे पाठ आहेत, ही गाठ सहसा जीव घेत नाही हेही. तरी तिसरी तारीख घेतलेली नाही.

कुणाला सांगू नकोस.
व्हर्ना

लाव्हेंटिल, ६ फेब्रुवारी

चि. व्हर्ना हिस आशीर्वाद.

स्कॅनसाठी चौदा तारीख घे. मी तेराला पोचतो. उरलेले अकरा पॅन ग्रॅन्विलकडे दिले. तो सूर बिघडवणार आणि बँडवाले मला शिव्या देणार, देऊ देत. ईनिड म्हणते, बहीण एकच आहे, कार्निव्हल दरवर्षी येतो.

एक विचारायचंय, आणि बहीण म्हणून नको, डॉक्टर म्हणून उत्तर दे. हा आवाज कधी थांबतो का? हातोडा चालू असतो तोवर ऐकू येत नाही. ठेवला की येतो. म्हणून मी ठेवत नाही.

दादा

किंग्स्टन, १९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू परत गेल्याला सहा आठवडे झाले. गाठ तुरीच्या दाण्याएवढी होती, साधी होती, ऑपरेशनात गेली. डावा कानही तिच्याबरोबर गेला. हसताना तोंड अजून जरा वाकडं होतं; पिनॉकबाई म्हणतात, आता तरी विद्यार्थी घाबरतील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या तोंडावर देता आलं नाही. नाही दादा, थांबत नाही. त्या कानाला आता काहीच ऐकू येत नाही, तरी शिट्टी वाजतेच. आवाज कानात नसतो, मेंदू तो रचतो, असं मी किती निबंधांत लिहिलं, कळलं आत्ता. पण परवा तासभर मला तिची आठवणच झाली नाही. असे तास वाढतात. हे डॉक्टर म्हणून सांगते.

इतकी वर्षं आमच्या कागदावर पहिला प्रश्न होता, आवाज किती मोठा आहे. तो मी खाली ढकलला. आता पहिला आहे, तुम्हाला भीती वाटते का. कागद पुन्हा पाठवले. एकोणतीस जणांनी उत्तर दिलं. सतरा नंबरनं जागा कोरी सोडली आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
व्हर्ना

लाव्हेंटिल, २ जून

चि. व्हर्ना हिस आशीर्वाद.

हल्ली कानांवर झाकणं घालून दुपारपर्यंतच ठोकतो. संध्याकाळी हातोडा ठेवून अंगणात ईनिडशेजारी बसतो, रातकिडा वाजला तर वाजू देतो. तिला सगळं सांगितलं.

सतरा नंबरचं उत्तर लिहून घे. हो. फार.

दादा